सोबतच्यांनी मागून यावं

आईवडिलांनी तिचं नाव क्षमा ठेवलं तेव्हा त्यांना पुढचं काही दिसलं नसावं. रायपूरच्या बुढापारा वस्तीतली माणसं या नावावर हसत, पण तिच्या पाठीमागे. क्षमा खानझोडेला राग पटकन येई, आणि आलेला राग पाहुण्यासारखा चहा पिऊन उठून जात नसे. तो मुक्कामाला राही.

तिचे वडील रेल्वेत गार्ड होते, मूळचे वर्ध्याजवळच्या आर्वीकडचे. ती मात्र जन्मली, शिकली, लग्न होऊन नांदली ती रायपुरातच. पाणीपुरवठ्याच्या एका कचेरीत नळजोडणीच्या खिडकीवर ती बसायची. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि या शहराचं डोकं फिरलं, असं तिचं ठाम मत. ज्याला त्याला घाई, आणि दर तिसऱ्या गाडीवर दिवा. खिडकीसमोर माणसांची रांग असे आणि रांगेच्या बाजूने हात आत शिरत. कुणाच्या हातात साहेबाची चिठ्ठी, कुणाच्या हातात मिठाईचा डबा, कुणी नुसताच फोन पुढे करी, "लो दीदी, भैया से बात कर लो." क्षमा फोनला हात लावत नसे. हात बाजूने आत आला की ती खिडकीची फळी खाली ओढून घेई आणि आतून ओरडे, "लाइन सीधी होगी तब खुलेगी!" मग रांगेतलेच लोक त्या फोनवाल्याला मागे ढकलत. एकदा अशाच एका पुढारी भैयाने तिची बदली जुन्या फायलींच्या खोलीत करवली. आठवड्याभरात खिडकीपुढे इतकी मारामारी झाली की साहेबांनी स्वतः जाऊन तिला परत आणलं.

तिचा नवरा शेखर तिच्या अगदी उलट. रस्ते बांधणाऱ्या सरकारी खात्यात तो नकाशे काढायचा. नव्या राजधानीचे कितीतरी रस्ते आधी त्याच्या टेबलावर पेन्सिलीने धावले आणि मग जमिनीवर. भांडणाचा आवाज आला की तो रस्ता बदले. दुधाच्या दुकानात कुणी मागून आलं तरी हा बाजूला सरकून म्हणे, "घ्या, तुम्ही घ्या आधी." यावरून घरी रोज वाजे.

"तुम्ही एकाले पुढं सोडता," क्षमा म्हणे, "तेव्हा मागच्या लोकाईले विचारता का?"

"अगं, एक माणूस गेला तं काय आभाळ कोसळते?"

"एकच कुठं असते कधी?"

शेखरला पन्नाशी लागायच्या आत रक्ताचा कॅन्सर निघाला. पुढचे सहा महिने मुंबईत गेले. बहिणीच्या हाडांतली मज्जा त्याला दिली, ती लागू पडली, आणि केस नसलेला, अर्धा झालेला शेखर रायपूरला परत आला. डॉक्टरांनी बजावलं होतं की तपासणीला मुंबईला येत राहायचं, पण रेल्वेने नाही. गर्दीतला साधा खोकलासुद्धा याला पुरेसा आहे. विमानाने या, तोंडावरचा मास्क काढू नका, विमानात लवकर चढून खिडकीशी बसा, आणि हातात ओझं अजिबात नको. त्याच्या गळ्याच्या हाडाखाली औषधं सोडायची नळी बसवलेली होती. हात उंच केला की ती ओढली जाई.

लवकर चढा, हे डॉक्टरांना बोलायला सोपं होतं. विमानतळावर लवकर कोण चढणार हे ठरलेलं असतं. काचेच्या दारापाशी दोन वाटा केलेल्या, मध्ये पट्टा ताणलेला. एका वाटेवर लाल पायघडी, तिथून कार्डवाले जात. सतत विमानाने फिरणारे लोक, सोनेरी कार्ड, चंदेरी कार्ड, पुढच्या महागड्या जागांवर बसणारे. ते सगळे आत गेल्यावर उरलेल्यांची हाक होई, तीही मागच्या जागांपासून. आजारी माणसाला आधी सोडत, पण तो चाकाच्या खुर्चीत बसलेला असला तरच. आणि खुर्चीत बसायला शेखर तयार नव्हता.

"मले पाय आहेत," तो म्हणे. तो एरवी कोणत्याच गोष्टीचा हट्ट धरत नसे, याचा मात्र धरला.

मग तो उभा राही. मास्क लावून, कानटोपी घालून, भिंतीला टेकून. क्षमा दाराशी जाऊन दर फेरीला नव्या माणसाशी तेच भांडण भांडे. "पेशंट आहेत, उभे राहू शकत नाहीत." उत्तर ठरलेलं. "मैडम, व्हीलचेयर बुक करनी थी." आणि तिच्या डोळ्यांपुढून धडधाकट माणसं लाल पायघडीवरून फोनवर बोलत आत जात. तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. तिच्या खिडकीवर जे लोक बाजूने हात घालत, तेच हे. फरक इतकाच की इथे त्यांच्यासाठी वेगळी खिडकी बांधून दिली होती आणि वर पायघडी घातली होती.

अशा वर्षभराच्या फेऱ्यांनंतर एक दिवस घरी पाकीट आलं. आत शेखरच्या नावाचं सोनेरी कार्ड. पहिल्या फेरीच्या वेळी त्यांची मुलगी अपर्णा हिने बंगळुराहून तिकिटं काढताना बापाच्या नावाने सदस्यत्वाचा नंबर घेतला होता. आईच्या नावाने घ्यायचं तिला सुचलं नाही, आईलाही नाही. प्रत्येक फेरीत दोघं बरोबरच होती, पण मोजली गेली ती शेखरची.

कार्डाबरोबर चार ओळी होत्या. आपण आमच्यावर दाखवलेल्या निष्ठेबद्दल मनःपूर्वक अभिनंदन.

"निष्ठा?" क्षमा कडाडली. "यांच्या विमानावर? लाज वाटते का या लोकाईले? माणूस मरता मरता वाचला, अन् हे अभिनंदन करून राहिले!"

शेखर मात्र कार्ड उजेडात धरून वळवून वळवून पाहत होता. लहान पोराला शाळेत पदक मिळावं तसा त्याचा चेहरा झाला होता. शेजारच्या गंगाधररावांना त्याने गॅलरीतूनच हाक मारली. "ओ गंगाधरराव, या इकडे! आपण आता मोठे लोक झालो." मग तो बायकोकडे वळला. "असू दे ना, क्षमा. वर्षभर नुसत्या सुया टोचून घेतल्या. एक तं बक्षीस मिळू दे माणसाले."

ती स्वयंपाकघरात गेली आणि डाळीच्या डब्याचं झाकण इतक्या जोरात लावलं की ते पुन्हा निघेना.

पुढच्या फेरीला शेखरने इस्त्रीचा शर्ट घातला. कानटोपी ठेवून दिली. डोक्यावर आता मऊ जावळासारखे केस आले होते. दारापाशी तो सरळ लाल पायघडीवर जाऊन उभा राहिला, आणि त्याची पिशवी खांद्याला लावून क्षमा त्याच्या मागे.

पुढे एक पांढऱ्या सफारीतला जाडजूड माणूस होता, बरोबर तिघं. त्याने मागे वळून पाहिलं. मास्क लावलेला, शर्टात हरवलेला माणूस पाहून तो म्हणाला, "चाचा, ये लाइन अलग है. आप उधर लगिए."

शेखरने त्याला ओळखलं. रस्त्याचा ठेकेदार होता तो. खात्यात त्याची ये-जा असे, आणि साहेबांच्या खोलीत शिरताना त्याला कधी थांबावं लागत नसे. शेखरने खिशातून कार्ड काढून नुसतं दाखवलं. ठेकेदाराच्या भुवया वर गेल्या. "अच्छा, अच्छा," तो म्हणाला आणि पुढे वळला.

शेखरने मागे पाहून डोळा मारला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, क्षमाने त्याला डोळा मारताना पहिल्यांदा पाहिलं.

दाराशी निळ्या गणवेशातली एक पोरगी तिकिटं तपासत होती. छातीवर नावाची पट्टी, स्नेहल रामटेके. तिने शेखरचं तिकीट घेतलं, कार्ड पाहिलं, हसून "वेलकम सर" म्हणाली. क्षमाच्या तिकिटावर मात्र तिने मान हलवली.

"मैडम, आपका इधर से नहीं है. आप बाद में आइए."

"मी यांच्याबरोबर आहे," क्षमा म्हणाली. "हे पेशंट आहेत. यांना पिशवी उचलता येत नाही."

पोरीला मराठी कळत होतं, उत्तर हिंदीतच आलं. "कार्ड सर का है, मैडम. सर जा सकते हैं. साथ वाले पीछे से आएँगे."

"साथ वाले!" क्षमाचा आवाज चढला. "अगं, मी यांची बायको आहे!"

मागची माणसं चुळबुळ करू लागली. शेखरने हात वर केला, तेवढाच जितका त्याला करता येई. "जाऊ दे, क्षमा. मी जातो. तू ये मागून. काही होत नाही."

"शिडी आहे तिथं. विमान लांब उभं आहे."

"चढतो ना," तो म्हणाला आणि गेलासुद्धा.

क्षमा पट्ट्याच्या अलीकडे आली. काचेतून तिला तो दिसत होता. हळूहळू चालत, मध्ये थांबत, मग शिडीच्या कठड्याला धरत. आणि तेवढ्यात तिच्या कानावर ठेकेदाराचा आवाज पडला. फोनवर बोलत तो मघापासून बाजूला थांबला होता. आता दारापाशी जाऊन त्याने कार्ड पुढे केलं आणि मागच्या तिघांकडे अंगठा दाखवत म्हणाला, "ये मेरे साथ हैं."

स्नेहल नावाच्या त्या पोरीने क्षणभर बाजूला पाहिलं. बाजूला कोट घातलेला एक माणूस उभा होता, तिथला मॅनेजर. त्याने मान किंचित हलवली. पोरीने चौघांचीही तिकिटं घेतली आणि चौघं आत.

यानंतर काय झालं ते विमानतळावरच्या साफसफाईच्या बायासुद्धा पुढे बरेच दिवस एकमेकींना सांगत. क्षमाने पट्टा वर उचलला, खालून गेली आणि दाराच्या मधोमध जाऊन उभी राहिली. दोन्ही हात चौकटीला.

"आता इथून कोणी जाणार नाही. आधी मला नियम वाचून दाखवा. एका कार्डावर चार माणसं जातात आणि एका कार्डावर नवरा-बायको जात नाहीत, तो नियम कुठं लिहिलाय?"

"मैडम, आप हटिए," मॅनेजर पुढे आला. "फ्लाइट लेट हो रही है."

"होऊ द्या!"

"मुझे सिक्योरिटी बुलानी पड़ेगी. आपको ऑफलोड करना पड़ेगा, फ्लाइट नहीं मिलेगी."

"बुलाइए! पण आधी त्या तिघांना खाली उतरवा. त्यांचं कार्ड कुठंय? मी पाहिलं सगळं. तुम्ही मान हलवली. बोला, हलवली की नाही?"

रांगेतल्यांना आधी गंमत वाटली, मग राग आला, आणि तो क्षमावरच. "दीदी, जाने दो ना." "अरे, मेरी मीटिंग है." "दो मिनट पीछे जाने से क्या बिगड़ता है?" ज्यांच्यासाठी आपण भांडतोय असं तिला वाटत होतं तेच तिला हटवायला निघाले होते. एका बाईने तर तिची बाही धरून ओढली. क्षमाने बाही सोडवून घेतली आणि जागची हलली नाही.

तेवढ्यात तिच्या पाठीमागून, आतल्या बाजूने, आवाज आला.

"क्षमा."

शेखर उभा होता. बायको येत नाही म्हणून विचारल्यावर विमानातल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की दाराशी भांडण चाललंय. एका कामगाराला बरोबर घेऊन तो शिडी उतरून, चालत परत आला होता. मास्क हनुवटीवर आलेला, श्वास लागलेला, ओठ पांढरे. आणि डोळ्यांत राग. असा राग क्षमाने त्याच्या डोळ्यांत कधी पाहिला नव्हता.

"अहो, पाहा ना हे लोक—"

"चूप बस!"

बाही ओढणारी बाईसुद्धा मागे सरकली.

"दीड वर्ष मी पेशंट आहो," शेखर म्हणाला. "उठताना कोणी धरते, बसताना कोणी धरते. आज ती शिडी मी एकटा चढलो. वर जाऊन बसलो. खिडकीतून पाहून राहिलो होतो, आता तू येशीन, अन् मी तुले म्हणीन का पाहिलं, आलो ना? अन् तू इथं तमाशा करून राहिली! तुझी रांग, तुझा कायदा!"

"तुमच्यासाठीच केलं मी."

"माझ्यासाठी नाही. माझ्यासाठी असतं तं मुकाट्यानं मागून आली असती."

क्षमाचे हात चौकटीवरून खाली आले. मॅनेजरने संधी साधली. धापा टाकणारा पेशंट दाराशी कोसळला तर काय होईल हे त्याला दिसत होतं. "जाइए, जाइए, दोनों जाइए," तो घाईघाईने म्हणाला, आणि ती दोघं त्या लाल पायघडीवरूनच विमानापर्यंत गेली, एकमेकांकडे न पाहता.

विमानात ती बोलली नाहीत. मुंबईत रिक्षातही नाही. क्षमाच्या छातीत राग कोंडला होता. ठेकेदारावर होता, मॅनेजरवर होता, बाही ओढणाऱ्या बाईवर होता. आणि सगळ्यांत जास्त शेखरवर, आणि तो काढायची सोय नव्हती, कारण तो समोर दवाखान्यात सुई टोचून घेऊन पडला होता.

दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी बसले असताना शेखरनेच तोंड उघडलं. "ते तिघं म्हणत होती तू, मी येता येता ऐकलं. कोण तिघं?"

क्षमाने सांगितलं. एका कार्डावर चौघं कसे गेले, मॅनेजरने मान कशी हलवली. शेखर तेव्हा शिडीवर होता. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. 

"हे मले माहीत नव्हतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "तक्रार कर. मी सही करतो."

तक्रार करण्यात क्षमाचा हात कोण धरणार? आयुष्यभर तिने लोकांच्या तक्रारी वाचल्या होत्या. दिवस, वेळ, दार, काय घडलं, सगळं तिने मुद्देसूद लिहून कंपनीच्या मुख्य कचेरीला पाठवलं.

महिन्याभराने फोन आला. मुंबईची कुणी मुलगी होती, गोड मराठी बोलणारी. "मॅडम, आमच्याकडून चूक झाली. नियमाप्रमाणे कार्डधारकाबरोबर त्याच तिकिटावरच्या एका प्रवाशाला प्राधान्य मिळतं. तुम्हाला जाऊ द्यायला हवं होतं."

क्षमा खुर्चीत ताठ बसली. "मग?"

"संबंधित कर्मचाऱ्यावर कारवाई झाली आहे. कामावरून कमी करण्यात आलंय."

"मॅनेजरला?"

"नाही मॅडम. गेटवर ज्या होत्या त्यांना. तुमच्या तक्रारीत नाव होतं ना, स्नेहल रामटेके."

"आणि त्या ठेकेदाराची तीन माणसं? त्यांचं काय?"

"त्याबद्दल माझ्याकडे काही नोंद नाही. पण तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल पुढच्या प्रवासात आमच्याकडून नाश्ता मोफत राहील."

"तुमचा नाश्ता तुमच्या मॅनेजरला खाऊ घाला!" म्हणून क्षमाने फोन आपटला. तिची कानशिलं तापली होती. तिने तोफ डागली होती एकावर आणि गोळा लागला होता भलत्यालाच.

रायपुरातली मराठी माणसं बरीचशी रेल्वेतली; वडिलांच्या ओळखीतल्यांना दोन फोन केल्यावर रामटेके कुठे राहतात हे तिला कळलं. रविवारी ती रेल्वे कॉलनीमागच्या वस्तीत गेली. दार स्नेहलचे वडील मारोती रामटेके यांनी उघडलं. वॅगनच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी नाव आणि कचेरी ऐकली आणि दारातून बाजूला झाले. "या ताई. बसा." पाणी आणून दिलं.

स्नेहल आतून आली. घरच्या कपड्यांत ती दारावर होती त्याहून लहान दिसत होती, पण डोळे चांगलेच पेटलेले.

"अब क्या बाकी रह गया, आंटी?"

"मी तुझं नुकसान करायला तक्रार केली नव्हती," क्षमा म्हणाली. "मले काय माहीत हे लोक तुले काढतील?"

"किसको निकालते फिर? आपने नाम किसका लिखा था?"

"जे दिसलं ते लिहिलं. तुझ्या छातीवर पट्टी होती."

"और उनके पास नहीं थी. वो लगाते ही नहीं." पोरगी हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "रोज़ सुबह हमको खड़ा करके बोलते थे, जिसका कार्ड वही जाएगा, फैमिली-वैमिली नहीं, बहस मत करना. और उसी मुँह से बोलते थे, फलाने साहब आएँ तो उनके साथ जितने हों, जाने देना. आपके जैसे लोग मुझसे रोज़ लड़ते थे."

"मग त्या दिवशी काहून नाही बोलली तू? तो बाजूलेच उभा होता."

"बोलती तो उसी दिन जाती. चुप रही तो महीने बाद गई."

मारोतीरावांनी मध्ये पडून म्हटलं, "जाऊ दे बेटा. त्या घरी आल्या आहेत." पण पोरीने ऐकलं नाही.

"आप चिल्ला सकती हैं, आंटी, आपकी सरकारी नौकरी है. मैं वहाँ चिल्लाती तो कौन सुनता?" असं म्हणून ती आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही.

त्या दिवशी बुढापाऱ्याला परतताना क्षमाने एका स्कूटरवाल्याला, दोन रिक्षावाल्यांना आणि रस्त्यात बसलेल्या एका गाईला शिव्या घातल्या. घरी येऊन तिने शेखरला सगळं सांगितलं. तिला वाटलं, तो म्हणेल, जाऊ दे. तो उठला, कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला आणि म्हणाला, "उद्या जाऊ त्याच्याकडे. पण तिथं मी बोलतो. तू बोलायचं नाही."

विमानतळावरच्या कंपनीच्या कचेरीत मॅनेजरने त्यांना ओळखलं आणि त्याचा चेहरा उतरला. शेखरने बसल्या बसल्या सोनेरी कार्ड त्याच्यापुढे टेबलावर ठेवलं. मॅनेजरशी तो त्याच्याच भाषेत बोलला, हळू, मास्कमधून.

"आपकी कंपनी ने लिखा है कि मैं बहुत क़ीमती पैसेंजर हूँ. तो क़ीमती आदमी की एक बात सुनिए. उस लड़की को वापस लीजिए. उसने वही किया जो आपने कहा था."

"सर, मैं आपकी फ़ीलिंग समझता हूँ. लेकिन वो हमारी एम्प्लॉई थी ही नहीं. एजेंसी की थी."

"निकालते वक़्त तो आपकी थी."

मॅनेजर हसला, पाणी मागवलं, वरच्यांशी बोलतो म्हणाला. बोलणार नाही हे तिघांनाही कळत होतं. क्षमाने इतका वेळ दात आवळून ठेवले होते. आता ती उभी राहिली.

"नाव काय तुमचं?"

त्याने नुसतं पहिलं नाव सांगितलं.

"पूरा नाम. आडनावासकट. पिछली बार चूक झाली माझी, तुमचं लिहायचं राहून गेलं."

क्षमा उभीच राहिली. बाहेर दोघं-तिघं ताटकळत होते. शेवटी त्याने नाव सांगितलं.

दुसरी तक्रार तिने त्या नावाने केली, कंपनीकडे आणि विमानप्रवाशांचं गाऱ्हाणं ऐकणाऱ्या सरकारी खात्याकडेही. त्या दिवशी पांढऱ्या सफारीमागून गेलेल्या तिघांपाशी कार्ड होतं का, ते तुमच्या यंत्रातच असेल, काढून पाहा, असं खाली ठणकावून लिहिलं. शेखरने सही केली. उत्तर यायला बराच काळ गेला. आलं ते असं की नियमाचा फलक आता दाराशी लावण्यात आला आहे आणि संबंधित अधिकाऱ्याची बदली झाली आहे. बदली कुठे, तर याहून मोठ्या विमानतळावर. ती शिक्षा होती की बढती, हे कुणी सांगेना. क्षमाने ते उत्तर वाचून चारदा टेबलावर हात आपटला. स्नेहलबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

पुढे स्नेहलला दुसऱ्या एका कंपनीत सामान घेण्याच्या काउंटरवर काम मिळालं. तिचं तिनेच मिळवलं. त्यात क्षमाचा काही वाटा नव्हता आणि तसा आव तिने कधी आणला नाही. एका सकाळी विमानतळावर दोघींची नजरानजर झाली. पोरीने किंचित मान हलवली आणि पुढच्या माणसाची बॅग काट्यावर घेतली. तेवढंच. त्याहून जास्तीचा आपला हक्क नाही हे क्षमाला समजत होतं, आणि समजत होतं म्हणून आणखीच राग येत होता.

त्याच सकाळी दारापाशी नवा फलक होता. कार्डधारक आणि त्याच तिकिटावरचा एक सहप्रवासी. क्षमाला त्या पायघडीवर पाय ठेवायचा नव्हता. "तुम्ही जा, मी मागून येते, मुकाट्यानं येते," ती म्हणाली.

"डॉक्टरनं लवकर चढायले सांगितलं आहे," शेखर म्हणाला. "अन् पिशवी कोण उचलीन? चल."

ती गेली. पुढे तोच ठेकेदार, बरोबर पुन्हा तिघं. दारावर आता एक नवा, चष्मेवाला माणूस होता. ठेकेदाराने अंगठा मागे दाखवला. "ये मेरे साथ हैं."

चष्मेवाल्याने तिकिटं घ्यायला हात पुढे केला. क्षमा ओरडली नाही. तिने फक्त फलकावर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खिडकीवरच्या आवाजात म्हणाली, "एक. यहाँ एक लिखा है. साहब, इनमें से एक कौन है, पूछ लीजिए."

चष्मेवाल्याने फलकाकडे पाहिलं, ठेकेदाराकडे पाहिलं. मागे कुणीतरी म्हणालं, "सही बात है." दुसरं कुणी म्हणालं, "हव, सही तो बोल रही हैं." चष्मेवाल्याने पुढे केलेला हात मागे घेतला. "सर, एक ही जा पाएँगे."

ठेकेदाराने क्षमाला आपादमस्तक पाहिलं. मग तो तिघांकडे बघून काहीतरी पुटपुटला. त्यांतला एक पट्ट्याखालून मागच्या रांगेत गेला. दुसऱ्याला नियमानेच आत जाता येत होतं, तो गेला. तिसरा फोन कानाला लावून, जणू कुणी त्याच्याशी बोलतच नाहीये असा, चष्मेवाल्याच्या बाजूने सरळ आत निघून गेला. चष्मेवाला "सर, सर" म्हणत राहिला.

विमानात शेखरने खिडकीशी बसून पट्टा लावला. शिडी चढून तो दमला होता, पण खूश होता. त्याने क्षमाच्या हातावर हात ठेवला.

"एक तं मागं गेला ना?"

"दोन जायले पाहिजे होते," क्षमा म्हणाली, आणि मुंबई येईपर्यंत पुढच्या रांगेत घोरत असलेल्या त्या तिसऱ्या माणसाच्या टकलाकडे पाहत बसली.